फ्री थ्रोच्या वेळचं गाऱ्हाणं

सहदेव धुरीच्या आवाजाने मुलुंडच्या एका कंपनीला बास्केटबॉलची शील्ड मिळवून दिली. आज त्या कंपनीतल्या कोणालाही याबद्दल विचारा, तो मान हलवेल आणि विषय बदलेल. शील्ड साहेबांच्या केबिनमध्ये राहिली, सहदेव गावाला गेला, आणि ज्यांच्या घशांतून तो आवाज दसपट होऊन निघाला होता ते सगळे मूग गिळून बसले. म्हणून हे कोणीतरी सांगायला हवं. गोड करून सांगण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

सहदेव कुडाळच्या बाजूचा. त्याच्या मुलखात लग्न असो, जत्रा असो की नवी विहीर खणायची असो, देवापुढे नारळ ठेवून आधी गाऱ्हाणं घातलं जातं. म्हणजे एक जाणता माणूस पुढे होतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. तो काकुळतीला येत नाही, हक्काने सांगतो, की बाबा रे, आमचं हे एवढं कर, वाकडं असेल ते सरळ कर, कोणी वाईट चिंतलं असेल तर ते ज्याचं त्याला परत दे. प्रत्येक वाक्य 'रे म्हाराजा' वर संपतं आणि जमलेली माणसं एका दमात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हे मागचं 'व्हय' फार महत्त्वाचं. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं ही नुसती बडबड. माणसांनी होकार भरला की मगच ते देवाच्या कानावर गेलं असं धरतात. सहदेवचा बाप गाऱ्हाणं घालायचा. बाप गेल्यावर गावात वयाने मोठी माणसं असताना सहदेवला पुढे केलं, ते त्याच्या आवाजामुळे. अंगाने काटकुळा माणूस, पण बोलायला लागला की ओढ्यापलीकडे कापणी करणाऱ्या बायका मान वर करून बघत.

मुंबईत मात्र या आवाजाचा काही उपयोग नव्हता. तो परळच्या एका गिरणीत बदली कामगार होता. ब्याऐंशी साली संप झाला, आणि त्यात कायम कामगारांचीच जिथे धूळधाण झाली तिथे बदलीवाल्यांना कोण विचारतो? वर्षभर मिळेल ते ओझं उचलल्यावर त्याच्याच गावच्या लवू मेस्त्रीने त्याला मुलुंडच्या कंपनीत चिकटवलं. लवू तिथे फिटर होता, कायम होता, युनियनच्या कमिटीतही होता. मुलुंडला डोंगराच्या कडेला चाळीत गावकऱ्यांची खोली होती, तिथे लवू आणि सहदेव शेजारी शेजारी वळकटी टाकत.

कंपनी विजेच्या मोटारी बनवायची. सहदेव पॅकिंगमध्ये खोकी ठोकायचा, ट्रकमध्ये चढवायचा. काम कठीण नव्हतं, कठीण होता तो 'ब्रेक'. सलग काम ठराविक दिवस भरलं की कायद्याने माणसाला कायम करावं लागतं, म्हणून ते भरायच्या आत कंपनी त्याला घरी बसवायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा नवा माणूस म्हणून घ्यायची. त्याच गेटवर, त्याच वॉचमनपुढे, ज्याची बिडी आपण रोज पेटवून देतो त्याच्यापुढे नव्या माणसासारखं नाव सांगत उभं राहायचं. सहदेव असा किती वेळा नवा झाला होता हे त्याने मोजणं सोडून दिलं होतं.

त्याची बायको शेवंती आणि मुलगी अनुपमा गावाला. गावकऱ्यांच्या खोलीत दहा पुरुषांमध्ये त्यांना आणून ठेवणार कुठे? वेगळी खोली भाड्याने घ्यायची तर घरमालक आधी विचारी, "कायम आहेस का?" दर मे महिन्यात गावाहून निघताना सहदेव एकच वाक्य बोलायचा. "कायम झालंय काय तुमका घेवन जातलंय." म्हणजे कायम झालो की लगेच नेतो. शेवंतीने ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की ती त्यावर हो म्हणायचीही थांबली होती. अनुपमा मात्र अजून विश्वास ठेवायची आणि शेजारच्या पोरींना मुंबईची ऐट दाखवायची.

अशात एका खंडेनवमीला कंपनीत मशिनांची पूजा झाली. भटजी आटपून गेले आणि मालवणी मंडळींनी सहदेवला पुढे ढकललं. त्याने गाऱ्हाणं घातलं. पहिल्याच वाक्याला मागून शंभरएक माणसांनी 'व्हय म्हाराजा' केलं आणि शेडचे पत्रे थरथरले. टायपिस्ट बाईंच्या हातून प्रसादाची वाटी पडली. पर्सोनेल ऑफिसर नंदकुमार बर्वे दचकून मागच्या टेबलावर आपटले. बाकीचे हसले. बर्वे हसले नाहीत. ते आपल्या हाताकडे बघत राहिले, कारण तो अजून हलत होता.

या बर्व्यांना बास्केटबॉलचं वेड होतं. तरुणपणी ते खेळायचे, जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नाहीत, आणि ती खुमखुमी आता कंपनीच्या टीमवर भागवत होते. उपनगरातल्या कारखान्यांची दरवर्षी एक स्पर्धा असे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, सगळीकडून टीम येत आणि मुलुंडच्या एका क्रीडा मंडळाच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळत. बर्व्यांची टीम दरवर्षी घाटकोपरच्या एका रंगाच्या कारखान्याकडून हरायची. त्या टीममध्ये चंद्रप्रकाश नावाचा पोरगा होता. तबेलेवाल्याचा मुलगा, ताडमाड उंच, अंगावरची बनियन नेहमी एक नंबर लहान. तो धावण्यात बरा होता, पण फ्री थ्रोमध्ये त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. बास्केटबॉलमध्ये समोरच्याने धक्काबुक्की केली की खेळाडूला रेषेवर उभं करून रिंगमध्ये मोकळा नेम मारू देतात. कोणी आडवा येत नाही. सगळे आपापल्या जागी थांबतात, कोर्टवर टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होते, आणि त्या शांततेत चंद्रप्रकाश दोनदा बॉल आपटून, गुडघे वाकवून, तो सरळ जाळीत सोडायचा. मग त्याला धक्का मारायची सोय उरत नसे.

पूजेच्या जागीच बर्व्यांनी सहदेवला बाजूला घेतलं.

"हे जे तू आत्ता केलंस, ते मॅचला करशील?"

सहदेवला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ते देवाचं असतं. खेळात कसं घालणार?"

"अरे, मग देवालाच सांग ना. आपल्या टीमचं भलं कर म्हण. कंपनीचं भलं ते तुझं भलं. त्यात खोटं काय आहे?"

बर्वे माणसं ओळखण्याचा पगार घेत होते. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, या वर्षी शील्ड आली की मी तुला कायम करतो. माझा शब्द."

इथे सहदेवने जे केलं ते त्याच्या गावच्या माणसानेच करावं. त्याने युनियनला मध्ये घेतलं नाही, कागद मागितला नाही. पूजेतला नारळ उचलला आणि दोन्ही हातांवर धरून बर्व्यांपुढे केला. म्हणाला, "साहेब, यावर हात ठेवून बोला." बर्व्यांना गंमत वाटली. त्यांनी हसत नारळावर हात ठेवला, "घे बाबा, शील्ड आली की कायम," म्हणाले आणि हाताला लागलेलं कुंकू रुमालाने पुसलं. सहदेवच्या लेखी ते काम तिथेच झालं. त्याच्या गावात नारळावर हात ठेवून शब्द फिरवलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. बांधाचे तंटे, सोयरिकी, भावाभावांच्या वाटण्या, सगळं त्या एका हातावर चालायचं. बर्वे आणि तो एकाच नारळाकडे बघत होते आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या.

खोलीवर लवूने त्याला झापलं. "लिवन घे रे कागदावर. हे सायब लोक. आज हसतत, उद्या वळख दाखवूचे नाय."

"नारळावर हात ठेवल्यानी हत," सहदेव म्हणाला. "आता कागद कित्याक होयो?"

लवूने वळकटी पसरली. त्यालाही ते पटलं असावं, तोही त्याच गावचा.

पहिली मॅच बोरिवलीच्या टीमशी होती. मुलुंडची मालवणी माणसं कोर्टच्या एका कडेला गोळा झाली. लवूने ऑइलचा रिकामा डबा आणि पान्हा आणला होता. बोरिवलीचा एकजण फ्री थ्रोला उभा राहिला, नेहमीची शांतता झाली, आणि त्या शांततेत सहदेवचा आवाज चढला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या ग्राउंडार तुझी लेकरा जमली हत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." डब्यावर पान्हा.

"ह्यो जो लायनीर उभो आसा, तेच्या हाताक कापरा सुटांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बॉल रिंगला लागलाच नाही. बोर्डाच्या मागे झाडीत गेला. लोक हसून लोळायचे बाकी राहिले आणि सहदेवही हसला. खोटं कशाला बोला, त्याला मजा आली. इतकी वर्षं शहरात त्याचं कोणी ऐकलं नव्हतं आणि आता सगळं ग्राउंड त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

मग त्याला त्यातलं तंत्र कळत गेलं. खेळाडू बॉल आपटतो तोवर वाक्य लांबवायचं, त्याचे गुडघे वाकले की 'रे म्हाराजा' वर आणून सोडायचं. म्हणजे बॉल बोटांतून सुटायला आणि मागच्या गर्जनेला एकच वेळ येते. नुसत्या आरडाओरड्याला खेळाडू सरावतात. पण आपल्याबद्दल कोणीतरी देवाला काहीतरी सांगतो आहे, आणि इतकी माणसं त्याला हो म्हणताहेत, हे ऐकून भल्याभल्यांचा धीर सुटायचा. ज्याला मालवणी कळत नव्हती त्याचा तर जास्तच. अंधेरीच्या टीमच्या मॅनेजरने रेफ्रीकडे तक्रार केली. बर्वे अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमचे कामगार प्रार्थना करताहेत. प्रार्थनेला कोणत्या नियमाने अडवणार?" रेफ्रीने शिट्टी तोंडात धरली आणि तशीच ठेवली.

फायनल घाटकोपरशीच झाली. त्याच सुमारास चुलत नणंदेच्या लग्नासाठी शेवंती आणि अनुपमा भांडुपला आल्या होत्या. सहदेवने दोघींना हट्टाने ग्राउंडवर आणलं. आपला नवरा मुंबईत कोण आहे ते शेवंतीने बघावं असं त्याला मनापासून वाटत होतं. अनुपमा कुंपणाच्या जाळीला चिकटून उभी राहिली, शेवंती मागे.

मॅच अटीतटीची झाली. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा घाटकोपर एका पॉइंटने मागे होतं आणि चंद्रप्रकाशला दोन फ्री थ्रो मिळाले. एक घातला तर बरोबरी, दोन घातले तर शील्ड घाटकोपरला. पोरगा रेषेवर आला. त्याने बॉल आपटला, आणि सहदेवने असा काही आवाज लावला की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले. त्याने त्याला नावाने घेतलं. "ह्यो चंद्रप्रकाश, ह्येच्या डोळ्यांपुढे आंधारी येवंदे रे म्हाराजा." मागून सगळं मुलुंड गरजलं. पहिला चुकला. दुसऱ्याच्या वेळी चंद्रप्रकाशने बॉल हातात धरून सहदेवकडे एकदा बघितलं. रागाने नाही. हा माणूस आपल्यावर का उठला आहे हे न समजल्यासारखं. मग दुसराही चुकला.

बर्व्यांनी सहदेवला मिठी मारली. आपल्या आयुष्यात कोणा साहेबाने आपल्याला मिठी मारली याचं सहदेवला भरून आलं. गर्दी पांगल्यावर चंद्रप्रकाश टॉवेलने मान पुसत त्याच्याजवळ आला. "क्या बोलते हो काका आप? कसम से, मेरा हाथ हिल जाता है." मग ओशाळं हसून म्हणाला, "मेरा भी पर्मनंट का काम था आज. शील्ड आती तो हो जाता." सहदेवने पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दोघींना भांडुपला सोडायला सहदेव स्टेशनकडे निघाला. वळणावर शेवंती थांबली आणि म्हणाली, "त्या झिलान आपला काय वायट केल्यान हुता?"

"खेळ आसा गो तो."

"देवाक कोणाचा बरा करूक सांगतत. आंधारी येवंदे म्हणान सांगनत नाय. तुझ्या बापाशीन कधी सांगल्यान हुता?"

सहदेवला राग आला. राग आला कारण ती खरं बोलत होती. "कायम झालंय काय समजात तुका," तो म्हणाला. "मगे बोल." शेवंतीने अनुपमाचा हात धरला आणि ती पुढे चालायला लागली.

त्यानंतर कोपराला गूळ लावण्याचा जो प्रकार चालतो तो चालला. सहदेव बर्व्यांना भेटला की ते म्हणत, "हेड ऑफिसला लिहिलंय." मग म्हणत, "जूननंतर बघू." मग ब्रेक आला. "तो तांत्रिक असतो रे, ये परत," म्हणाले. सहदेव परत आला, पुन्हा नवा झाला. लवूने युनियनमध्ये विषय काढतो म्हटलं आणि काढला नाही. तिथे पगाराच्या कराराची बोलणी चालली होती, एका टेंपररी माणसासाठी ती कोण नासवणार? सहदेव मात्र निश्चिंत होता. उशीर होईल, पण नारळावरचा हात कुठे जातोय?

गणपतीच्या आधी पॅकिंगमध्ये एक कायम जागा निघाली. सगळ्यांनी सहदेवच्या पाठीवर थाप मारली. कॅन्टीनवाल्याने त्याला फुकट चहा पाजला. पुढच्या सोमवारी त्या जागेवर कंपनीचा नवा खाकी युनिफॉर्म घालून चंद्रप्रकाश आला. विजार घोट्याच्या बरीच वर होती. सहदेवला बघून त्याने वाकून नमस्कार केला. "काका, आता आपण एकाच टीममध्ये," तो मोडक्या मराठीत म्हणाला, आणि त्यात कसला खवचटपणा नव्हता हेच सहदेवला सोसेना.

तो तडक बर्व्यांच्या केबिनमध्ये गेला. न विचारता आत शिरण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

"बस, बस," बर्वे म्हणाले. ते खुशीत होते. "बघितलास ना पोरगा? स्पोर्ट्स कोट्यातून घेतला. अरे, त्याला चुकवायला तुझ्यासारखा माणूस लागला, याचा अर्थ काय? याचा अर्थ पोरगा अस्सल आहे. असा पोरगा आपल्याकडेच असलेला बरा. खरं म्हणजे तुझ्यामुळेच तो आमच्या डोळ्यांत भरला."

"आणि मी, साहेब?"

"तुझं बघू की. वर्षभरात दुसरी जागा निघेल."

"साहेब, तुम्ही नारळावर हात ठेवला होता."

बर्व्यांच्या कपाळावर आठी पडली. ते खरोखर आठवून बघत होते. "कसला नारळ?" त्यांनी विचारलं.

ते नाटक करत असते तर सहदेव भांडला असता. कदाचित टेबलावरची शील्ड उचलून भिंतीवर मारली असती. पण तो माणूस खरंच विसरला होता. रुमालाने कुंकू पुसलं आणि त्याबरोबर ते सगळं पुसून टाकलं. ज्या शब्दावर सहदेवने बापाचं गाऱ्हाणं ग्राउंडवर नेलं, बायकोची मान खाली घालायला लावली, एका परक्या पोराच्या हाताला कापरं भरवलं, तो शब्द देणाऱ्याच्या लक्षातही नव्हता. सहदेव केबिनमधून बाहेर आला आणि खोकी ठोकायला लागला. त्या दिवशी त्याने बऱ्याच खिळ्यांची डोकी वाकडी केली.

पुढचा ब्रेक आला तेव्हा त्याला परत बोलावलं नाही. गेटवर वॉचमनने हात वर केले. "लिस्टमध्ये नाव नाय रे." त्यालाही वाईट वाटलं असेल, पण त्याने गेट उघडलं नाही.

सहदेव काही महिने भांडुपच्या वखारीत लाकडं वाहत होता. गावाला त्याने काही कळवलं नाही. आणि मग स्पर्धा आली. फायनलला पुन्हा मुलुंड आणि घाटकोपर. सहदेव कामावर दांडी मारून गेला आणि कोर्टच्या पलीकडच्या कडेला, घाटकोपरवाल्यांमध्ये जाऊन उभा राहिला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. त्याच्या मनात काय होतं ते सांगायला अक्कल लागत नाही. आपण ज्याला दोनदा चुकवलं त्याला तिसऱ्यांदा चुकवायचं, बर्व्यांच्या तोंडाला फेस आणायचा. समोरच्या कडेला त्याची सगळी माणसं होती. लवू डबा घेऊन बसला होता. आता गाऱ्हाणं कोणी घालत नव्हतं, कारण तसं कोणाला जमत नव्हतं. पण 'व्हय म्हाराजा' ही कंपनीची आरोळीच होऊन बसली होती. बॉल पडला की कॅन्टीनवाला, टायपिस्ट बाई, गुजराती अकाउंटंट, सगळे हात वर करून तेच ओरडायचे.

शेवटी असं झालं, की पॉइंट सारखे, आणि चंद्रप्रकाश फ्री थ्रोला. कोर्टवर शांतता झाली. त्याने बॉल आपटला. सहदेवने तोंड उघडलं, आणि पोराची ती आखूड बनियन, त्याचे वाकलेले गुडघे बघून ठरवलेलं वाक्य त्याच्या तोंडातून निघेचना. निघालं ते वेगळंच.

"बा देवा म्हाराजा, नारळावर हात ठेवन एक शबुद दिलेलो आसा रे म्हाराजा."

आवाज तोच होता. समोरच्या कडेची सगळी मालवणी डोकी एकदम वर झाली. त्यांना कळलं, कोण बोलतोय, कशाबद्दल बोलतोय, कोणाला बोलतोय. सहदेव होकारासाठी थांबला. घाटकोपरवाले त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होते. समोरून कोणी बोललं नाही.

चंद्रप्रकाश बॉल हातात धरून थांबला होता. रेफ्रीने त्याला खूण केली.

"ज्येनी शबुद दिल्यान, तेका तेची याद करून दी रे म्हाराजा."

लवूच्या हातातला पान्हा डब्यावर टेकलेला होता. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. त्याच्या शेजारी बर्वे खुर्चीवर बसले होते आणि बाजूला वळून कोणाला तरी विचारत होते, हा काय म्हणतोय म्हणून. कोणी सांगितलं नाही.

"मी खोटा सांगत आसन तर माका हयसरच गप कर रे म्हाराजा."

त्याच्या खोलीत जेवलेली, त्याच्याबरोबर एका ताटातलं सुकट खाल्लेली, त्याच्या बापाच्या बाराव्याला आलेली माणसं होती समोर. एकाचा ओठ हलला असता तरी पुरे होतं. चंद्रप्रकाशने गुडघे वाकवले आणि इतक्या शांततेत बॉल सोडला, की तो जाळीतून गेला त्याची सळसळ पलीकडच्या कडेपर्यंत ऐकू आली. आणि तेव्हा सगळं मुलुंड उठलं. लवूने डब्यावर पान्हा मारला, बर्व्यांनी हात वर केले आणि शंभर तोंडांनी एकदम 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

बाहेर पडताना लवूने त्याला फाटकाशी गाठलं. "माझा काय चलता रे? सायब बाजूकच बसलो हुतो." सहदेवने त्याच्याकडे बघितलं. लवू वाईट माणूस नव्हता. त्याने नोकरी लावून दिली होती, आजारपणात कढी करून घातली होती. वाईट माणसावर थुंकता तरी येतं. सहदेव निघाला आणि त्या आठवड्यात वळकटी गुंडाळून गावाला गेला.

शेवंतीने त्याला काही विचारलं नाही. पाणी तापवून दिलं. अनुपमाने मात्र विचारलं, मुंबईला कधी जायचं, आणि तो म्हणाला की नाही जायचं. पोरगी शेजारच्या अंगणात गेली नाही तीन दिवस. त्याच साली जत्रेला गावकऱ्यांनी नेहमीप्रमाणे सहदेवला पुढे केलं. देवळात नारळ ठेवला होता. तो म्हणाला, "माका जमूचा नाय." घसा बसला असेल असं लोकांना वाटलं. दुसऱ्या कोणीतरी, फाटक्या आवाजाच्या नाना गावड्याने गाऱ्हाणं घातलं आणि अख्ख्या देवळाने त्याला होकार भरला. सहदेव खांबाला टेकून मागे उभा होता, हात जोडलेले, तोंड मिटलेलं. शेवंतीने त्याला कोपराने ढोसलं. तो बोलला नाही. पुढच्या वर्षी तिने ढोसलंही नाही.